चॅनेलमधली नोकरी: मालिका बनवणाऱ्यांची नाही, निवडणाऱ्यांची

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरहून मुंबईत आलेल्या एका तरुणीने जनसंवादाची पदवी घेतली आहे. सध्या ती एका दैनंदिन मराठी मालिकेवर सहायक दिग्दर्शक आहे. सेटवर दीड वर्ष काढल्यावर तिला चॅनेलच्या किंवा फिल्म स्टुडिओच्या ऑफिसात जायचं आहे. ती विचारते: एमबीए करावं का? या क्षेत्रात माणसं वर चढतात ती नेमकी कशाच्या जोरावर? आणि चाळिशीनंतर ती जातात कुठे?

एमबीएचं आधी उरकते. जाहिरात-विक्री, मार्केटिंग किंवा वितरणातून आत शिरायचं असेल तर उपयोग होतो, कारण तिथे भरती बऱ्याचदा त्याच कॉलेजांतून होते. प्रोग्रामिंगमध्ये, म्हणजे कार्यक्रम ठरवणाऱ्या विभागात, शिरताना मात्र डिग्री कुणी विचारत नाही. तुम्ही सेटवर काढलेलं दीड वर्ष तिथे जास्त चालतं. सकाळी सातच्या शिफ्टला कलाकार नऊला आला की दिवसाचे किती सीन पडतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. चॅनेलमधल्या पुष्कळ लोकांना ते आयुष्यभर कळत नाही. दोन वर्षं आणि वीसेक लाख रुपये घालवण्याआधी एवढा हिशोब करा.

आता मुख्य गोष्ट. सेटवरून ऑफिसात जाणं म्हणजे त्याच कामात बढती, असं बहुतेकांना वाटतं. ते काम निराळं आहे. दिग्दर्शक बनवतो, लेखक लिहितो, निर्माता उभं करतो. चॅनेलमधला माणूस निवडतो. वर्षभरात ऐकलेल्या शंभरेक कल्पनांतून चार घेतो, त्या चारांतली एक प्रत्यक्षात पडद्यावर आणतो आणि मग कंपनीचे पैसे तिच्यावर का लावले याचं उत्तर देत राहतो. स्वतःची कथा सांगायची आग ज्याला आहे त्याला इथे घुसमटायला होतं, आणि तो ती आग लेखकांच्या स्क्रिप्टवर काढतो. असे लोक मी पाहिले आहेत. लेखक त्यांचे फोन घ्यायचे टाळतात.

हे निवडणाऱ्यांचं पद मराठीत तसं अलीकडचं आहे. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा तिथले निर्माते सरकारी नोकरच होते आणि कार्यक्रम तेच बनवत. पुढे बाहेरचे निर्माते आले. पण त्या पद्धतीत पैसे उभे करण्याची जबाबदारी बरीचशी निर्मात्यावर असे. प्रायोजक तोच शोधायचा आणि जाहिरातीचे सेकंदही तोच विकायचा. खाजगी वाहिन्या आल्या आणि गणित उलटलं. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी (आजची झी मराठी) आणि जुलै २००० मध्ये ई टीव्ही मराठी (आजची कलर्स मराठी) आली. चॅनेल दर भागाचे ठरलेले पैसे निर्मात्याला देऊ लागलं, जाहिराती स्वतः विकू लागलं आणि मालिकेची मालकीही स्वतःकडे ठेवू लागलं. पैसे ज्याचे त्याचा शब्द शेवटचा, या न्यायाने कथा कुठे वळणार हे ठरवणारा एक पगारी माणूस लागला. तोच तुमच्या सेटवर येतो तेव्हा स्पॉटदादा ओरडतात, ‘चॅनेल आलं!’ माणसाला नाव नसतं, तो चॅनेल असतो. हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा; पुढे त्याच्याकडे परत येईन.

सुरुवात होते ती एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, म्हणजे ईपी म्हणून. नाव भारदस्त आहे, काम हमालीचं. एक किंवा दोन मालिका तुमच्या अंगावर असतात. पुढच्या आठवड्यांचा ट्रॅक, म्हणजे कथा कशी सरकणार ते, लेखकांबरोबर बसून ठरवायचा, वनलाइन (सीनवार सारांश) वाचायची, मग पटकथा, मग संवाद, मग कच्चा कट, मग संगीत चढवलेला भाग, आणि शेवटी प्रोमो कुठल्या क्षणावर तुटणार ते. दररोजच्या मालिकेला आठवड्याला सहा भाग लागतात, म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर. नवी मालिका सुरू होते तेव्हा हाताशी काही भागांची बँक असते. तीन-चार महिन्यांत ती संपते आणि आज संध्याकाळचा भाग आज दुपारी एडिटला असतो. रात्री अकराला संवाद येतात आणि सकाळी सातला त्यांचं शूट असतं. त्या मधल्या वेळात तुम्ही काय वाचता आणि लेखकाला काय कळवता, यावर तुमचं नाव बनतं.

कळवण्याचं तंत्र सांगते, कारण ते कुठल्याच कोर्समध्ये नाही. नवखा ईपी लिहितो: ‘सीन ४ मध्ये इमोशन कमी वाटतंय.’ याचा लेखकाला काडीचा उपयोग नाही. इमोशन वाढव म्हटलं की तो दोन हुंदके आणि एक ‘आई’ घालणार, भाग अर्ध्या मिनिटाने लांबणार आणि सीन होता तसाच राहणार. अनुभवी ईपी लिहिते: ‘सासूला हे आधीच कळलंय असं आपण मंगळवारी दाखवलं. मग आज ती चकित का होते?’ दोष नेमका दाखवायचा आणि उपाय लेखकावर सोडायचा. उपाय तुम्ही लिहून दिलात तर तो वाईट निघाला तरी तसाच शूट होईल, कारण चॅनेलने सांगितलंय. आणि पुढच्या वेळी लेखक विचार करायचं थांबवेल. तुम्ही काय सांगता याची वाट बघत बसेल. चांगल्या मालिका अशाच थकतात.

आणखी एक गोष्ट ऑफिसात बसून दिसत नाही. पूर्वी आम्ही सांगली-साताऱ्याकडे प्रेक्षकांच्या घरी जाऊन बसायचो. संध्याकाळी साडेसात-आठला बायका टीव्हीसमोर नसतातच, ओट्याशी असतात. मालिका त्या ऐकतात. भाकरी तव्यावर टाकून दारापर्यंत येतात, कोण बोललं ते बघतात आणि परत आत जातात. संवादांत माणसांची नावं पुन्हा पुन्हा का येतात, प्रत्येक पात्राला वेगळी धून का असते, महत्त्वाची बातमी तीन जणांच्या तोंडून तीनदा का सांगितली जाते, हे त्या स्वयंपाकघरात कळतं. शहरातले माझे मित्र याची टिंगल करतात. करू देत.

आता गुरुवारविषयी, म्हणजे प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात त्या दिवसाविषयी. वर चढण्याचा तुमचा प्रश्न इथेच सुटतो.

२०१५ पासून प्रेक्षकमापन बार्क ही संस्था करते. त्याआधी टॅम करत असे. देशभरात पन्नास हजारांहून थोड्या अधिक घरांत मीटर बसवलेले आहेत. चॅनेलच्या आवाजात माणसाच्या कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते, मीटर ती ओळखतो आणि घरातला प्रत्येक जण आपापलं बटण दाबून ‘मी बघतोय’ हे नोंदवतो. आठवडा शनिवार ते शुक्रवार, आणि आकडे पुढच्या गुरुवारी. मराठी वाहिन्यांचा बाजार ‘महाराष्ट्र-गोवा’ असा एकत्र मोजतात. सकाळी आकडे आले की ऑफिसात कुणाचा चहा गोड लागतो आणि कुणाचा नाही, हे चेहऱ्यावरून वाचता येतं.

टीआरपी हा एक आकडा नाही, दोन आकड्यांचा गुणाकार आहे: किती लोक आले आणि किती वेळ थांबले. अर्ध्या तासाचा भाग घ्या. दहा टक्के प्रेक्षक आले आणि सरासरी पंधरा मिनिटं थांबले, तर रेटिंग ५. दुसऱ्या मालिकेला सहाच टक्के आले, पण पंचवीस मिनिटं थांबले. तिचंही रेटिंग ५. वर्तमानपत्रात दोन्ही शेजारी-शेजारी छापल्या जातील. पण पहिलीत लोक येऊन उठून जातात, म्हणजे दुखणं कथेत आहे. दुसरीत आलेला माणूस खिळतो पण येणारेच कमी आहेत, म्हणजे दुखणं प्रोमोत, वेळेत किंवा आधीच्या मालिकेकडून मिळणाऱ्या प्रेक्षकांत आहे. पहिलीचा लेखक बदलायचा की नाही याचा विचार करा. दुसरीच्या लेखकाला हात लावलात तर तुम्ही धडधाकट माणसाचं ऑपरेशन करताय. हे सोपं वाटतं, पण गुरुवारच्या मीटिंगमध्ये घाबरलेली माणसं नेमकं उलटं करताना मी अनेकदा पाहिली आहेत. पाचाचे साडेचार झाले की लगेच अपघात, स्मृतिभ्रंश आणि लग्न.

दुसरी बाब वेळेची. गुरुवारचा आकडा असतो मागच्या आठवड्याचा. तोपर्यंत या आठवड्याचे भाग दाखवून होत आलेले असतात आणि पुढच्यांचा ट्रॅक ठरलेला असतो. आज ठरवलेला बदल पडद्यावर यायला आठ-दहा दिवस आणि त्याचा निकाल हाती यायला आणखी दोनेक आठवडे. म्हणजे जवळपास महिनाभर तुम्ही अंधारातच असता आणि निर्णय त्याच काळात घ्यायचे असतात. आकडा वाचणारे शंभर मिळतात. आकडा येण्याआधी ‘हा ट्रॅक बसणार नाही’ हे सांगणारी आणि त्याचं कारण देऊ शकणारी माणसं थोडी. आणि आकडा पडला असतानाही ‘थांबा, यात दम आहे, दोन आठवडे द्या’ असं वरिष्ठांसमोर म्हणणारी त्याहून थोडी. बढत्या यांना मिळतात. लगेच नाही, पण मिळतात.

पैशाचं गणितही पहिल्याच वर्षी शिकून घ्या, ते कुणी आपणहून शिकवणार नाही. केबल टेलिव्हिजनच्या नियमांनुसार तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे, त्यातली १० जाहिरातींना आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीला. (या मर्यादेविरुद्ध वाहिन्या २०१३ मध्येच दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, हे वेगळं.) अर्ध्या तासात जाहिरातीची पाच मिनिटं, म्हणजे ३०० सेकंद. जाहिरात दहा सेकंदांच्या हिशोबाने विकली जाते, म्हणजे विकायला तीस तुकडे. उदाहरणापुरतं धरा की भागाचा खर्च दीड लाख आहे. मग निव्वळ खर्च निघायला प्रत्येक तुकडा सरासरी पाच हजारांना गेला पाहिजे, आणि तोही सगळेच्या सगळे विकले गेले तर. यात पुनर्प्रक्षेपण आणि वर्गणीचं उत्पन्न धरलेलं नाही, तसाच चॅनेलचा बाकी खर्चही धरलेला नाही. आता निर्माता म्हणाला, ‘लग्नाचा सीक्वेन्स आहे, पंचवीस ज्युनिअर आर्टिस्ट वाढवू या, क्रेन आणू या’, तर तुम्हाला मनातल्या मनात तुकड्याचा दर मोजता आला पाहिजे. ज्या ईपीला हे येतं तिला सेल्सचे लोक मीटिंगला बोलावतात. जिला बोलावतात तिला साबणवाल्या कंपनीला नेमका कोणता प्रेक्षक हवा आहे हे कळतं. आणि पुढे बिझनेस हेडची खुर्ची रिकामी झाली की अशाच कुणाचं तरी नाव निघतं.

चढण साधारण अशी असते: ईपी, सीनियर ईपी, मग फिक्शन (मालिका) किंवा नॉनफिक्शनचा (रिअ‍ॅलिटी शो वगैरे) प्रमुख, मग प्रोग्रामिंग हेड, मग चॅनेलचा बिझनेस हेड, आणि त्यावर तीन-चार भाषांच्या वाहिन्या सांभाळणारा क्लस्टर हेड. प्रोग्रामिंग हेडपर्यंत कथेची जाण पुरते. पुढची पायरी नफा-तोट्याची असल्यामुळे तिथे सेल्स-मार्केटिंगमधून आलेले लोक तुमच्याशी स्पर्धा करतात आणि पुष्कळदा जिंकतात. बायकांच्या बाबतीत सरळ बोलते. ईपींच्या टेबलांवर मुली भरपूर दिसतात, पण वरच्या मजल्यावर गेलात की विरळ होतात. रात्री अकराला येणारे संवाद आणि घरी तापाने फणफणलेलं मूल या दोन गोष्टी एकाच वयात येतात, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण असं की वरच्या मजल्यावर त्याची कुणाला फारशी काळजी नसते.

बनवणारे थेट वरच्या खुर्चीत येतात असंही घडतं. सतीश राजवाडे हे अभिनेते-दिग्दर्शक स्टार प्रवाहच्या कंटेंटची धुरा सांभाळू लागले आणि त्यानंतरच्या काळात ती वाहिनी मराठीत पहिल्या क्रमांकावर गेली. केदार शिंदे २०२४ मध्ये कलर्स मराठीचे प्रोग्रामिंग हेड झाले, तेही दिग्दर्शक म्हणून दोन-तीन दशकांचं काम गाठीशी असताना. याचा अर्थ तुम्ही आधी दिग्दर्शक व्हा असा काढू नका. अशा माणसांना खुर्ची देताना कंपनी त्यांची पारख आणि त्यांच्या शब्दावर येणारी माणसं विकत घेत असते. लेखक, कलाकार, तंत्रज्ञ ‘ते आहेत ना, मग करतो’ म्हणतात. ईपी म्हणून पंधरा वर्षं नीट वागलात तर हेच भांडवल तुमच्याकडेही जमतं, फक्त सावकाश.

फिल्म स्टुडिओतली नोकरी याच घरातली, पण घड्याळ वेगळं. टीव्हीत दर गुरुवारी परीक्षा, तिथे दर शुक्रवारी; आणि तुमचा शुक्रवार वर्षातून चार-पाचदाच येतो. पटकथा वाचणं, बजेट तपासणं, निर्मात्याशी भागीदारीचा करार, मग वितरण आणि प्रसिद्धी. इथेही पहिली गोष्ट पैशाचा प्रवास. मल्टिप्लेक्समध्ये २०० रुपयांचं तिकीट घ्या. १८ टक्के जीएसटी काढला की १७० च्या आत उरतात. निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्यातल्या २००९ च्या संपानंतर वितरकाचा वाटा असा ठरला की पहिल्या आठवड्यात निम्मा, दुसऱ्यात ४२.५ टक्के, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. म्हणजे पहिल्या आठवड्यात तुमच्या हाती ८५ च्या आसपास, आणि त्यातून वितरकाचं कमिशन आणि प्रसिद्धीचा खर्च जायचा. पेपरात ‘वीस कोटींची कमाई’ वाचून जे हरखतात त्यांना हे सांगून बघा. आठवडे पुढे सरकतात तसा वाटा कमी होतो. त्यामुळे सारी धडपड पहिल्या आठवड्यात चांगले शो मिळवण्याची. मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्सनी प्राइम टाइम द्यावा असं सरकारने २०१५ मध्ये ठरवलं, तरी त्याच शुक्रवारी मोठा हिंदी चित्रपट असेल तर दुपारी साडेबाराचा एकुलता शो पदरात पडतो आणि संध्याकाळपर्यंत तुम्ही फोनवर असता.

मराठीत स्टुडिओ उभे राहिले त्यामागे चॅनेलचीच गरज होती. २००७ मध्ये झी टॉकीज आली, चोवीस तास मराठी चित्रपट दाखवणारी. तिला चित्रपट लागत. तयार चित्रपटाचे हक्क चालल्यावर महागात घेण्यापेक्षा आधीच भागीदार व्हावं, हा त्यातला साधा हिशोब. त्याच झी समूहाने २०१६ मध्ये ‘सैराट’ केला. दोन्ही मुख्य कलाकार नवखे, लांबी तीन तासांना जवळ, शेवट असा की थिएटरातून लोक गप्प बाहेर येतात. आणि गाण्यांसाठी लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केलेला. यातली प्रत्येक गोष्ट एखाद्या शहाण्या एक्झिक्युटिव्हने मीटिंगमध्ये कापली असती. कुणीतरी कापली नाही. चित्रपटाने मराठीला शंभर कोटींचा आकडा पहिल्यांदा दाखवला. श्रेय अर्थात नागराज मंजुळे आणि त्यांच्या माणसांचं. पण न कापणं हेही कुणीतरी टेबलावर बसून केलेलं काम असतं आणि त्याचं नाव पोस्टरवर येत नाही. पुढे वर्षभर माझ्या टेबलावर ज्या पटकथा आल्या त्यांतल्या निम्म्यांत उसाचा फड आणि वेगळ्या जातींतली दोन कोवळी मुलं होती. त्या सगळ्या नाकारणं सोपं होतं. अवघड होतं ते ‘मग तुला पुढचा सैराट ओळखता येतो का?’ या वरिष्ठांच्या प्रश्नाला तोंड देणं.

नाही म्हणणं ही या नोकरीतली सर्वांत जास्त वेळा करायची गोष्ट आहे, आणि सर्वांत वाईट पद्धतीने केली जाणारीही. नरेशन (लेखकाच्या तोंडून गोष्ट) ऐकायचं, ‘छान आहे, कळवतो’ म्हणायचं आणि मग सहा महिने फोन उचलायचा नाही, ही आपल्याकडची रीत झाली आहे. तुम्ही पंधरा दिवसांत स्पष्ट कळवत जा: घेत नाही आहोत, आणि कारण हे. लेखक दोन दिवस चिडतो. पण पुढची गोष्ट घेऊन तो आधी तुमच्याकडे येतो, कारण त्याचे सहा महिने तुम्ही खाल्लेले नसतात. ज्याच्याकडे चांगल्या गोष्टी आधी येतात त्याची निवड आपोआप चांगली दिसते.

स्थैर्याविषयी तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण चाळिशीचा प्रश्न त्यातूनच येतो. हे क्षेत्र आता थोड्या मालकांच्या हाती आहे. झी आणि सोनीचं विलीनीकरण २०२१ मध्ये जाहीर झालं, दोन वर्षं लोकांनी ‘आपली खुर्ची राहणार का’ या विवंचनेत काढली, आणि २२ जानेवारी २०२४ ला ते मोडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्नेचा भारतातला व्यवसाय आणि रिलायन्सचं वायकॉम१८ एकत्र आले. डिस्नेकडची स्टार प्रवाह आणि वायकॉम१८ ची कलर्स मराठी या कालपर्यंतच्या कट्टर स्पर्धक वाहिन्या एका छताखाली आल्या. एक्झिक्युटिव्हला याचा अर्थ एवढाच की भांडून नोकरी सोडली तर दार ठोठवायला पूर्वी पाच घरं होती, आता कमी आहेत. ओटीटीने मधल्या काळात आशा दाखवली होती. २०२०-२१ मध्ये मराठी चित्रपटांच्या डिजिटल हक्कांच्या ज्या गोष्टी कानावर येत त्या पुढे येईनाशा झाल्या आणि आता थिएटरात काय चाललं ते बघूनच प्लॅटफॉर्म बोलतात.

संकटकाळात या माणसांचं खरं काम दिसतं. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं. चार-पाच दिवसांत मराठी मालिकांची युनिटं गोवा, दमण, सिल्व्हासा, बेळगाव अशी पांगली. मे महिन्यात गोव्यातही विरोध झाला आणि परवानग्या रद्द झाल्या. पुन्हा बोचकी बांधा. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचा वाडा सोडून रिसॉर्टच्या चार खोल्यांत कथा चालवायची होती. सगळं कुटुंब सहलीला गेलं असं लिहायचं, की अर्धी पात्रं फोनवर दाखवायची? कोण म्हातारा कलाकार प्रवास करू शकणार नाही? चाचण्यांचा खर्च निर्मात्याने उचलायचा की चॅनेलने? मला आठवतं, त्या दिवसांत आकडे कुणी विचारत नव्हतं. ज्या ईपींचे सेटवरच्या लोकांशी संबंध बरे होते त्यांच्या मालिका बंद पडल्या नाहीत. हुकूम सोडणाऱ्यांना कॅमेरामनसुद्धा मिळेना.

आणि चाळिशीनंतर? थोडे वर जातात. काही स्वतःची निर्मिती संस्था काढतात, आणि पहिल्याच वर्षी त्यांना कळतं की आपण जिला ‘जरा ॲडजस्ट करा’ म्हणायचो ती नव्वद दिवसांची उधारी कशी असते: प्रक्षेपणानंतर तीन महिन्यांनी पैसे येणार, आणि तोपर्यंत रोजंदारीवरच्या लोकांना रोख द्यायचे. काही ओटीटीकडे, काही जाहिरात कंपन्यांकडे, काही शिकवायला. आणि एक मोठा गट असतो ज्यांचे फोन वाजायचे थांबतात. सेटवरची ती आरोळी आठवा. पंधरा वर्षं लोक चॅनेलला नमस्कार करत होते, यांना वाटलं आपल्याला करतात. ऑफिसचं कार्ड परत केल्यावर आपल्या माणसांची खरी यादी कळते. म्हणून चॅनेलच्या पैशाने दिलेल्या कामाचे उपकार कुणावर चढवू नका, आणि दिवाळीला निर्मात्यांकडून आलेली पाकिटं आल्या पावली परत पाठवा. मिठाईचा डबा ठेवायला हरकत नाही.

आता तुमच्यापुरतं. आणखी सहा-आठ महिने सेटवर राहा, पण शक्य झालं तर दिग्दर्शनाच्या टीममधून कथा-पटकथा बघणाऱ्या क्रिएटिव्ह टीममध्ये सरका. निर्मात्याच्या बाजूचा क्रिएटिव्ह रोज चॅनेलच्या ईपीशी बोलतो, त्यामुळे जागा निघते तेव्हा नाव तिथूनच सुचतं. नोकरीची जाहिरात क्वचितच येते. चालू असलेल्या तीन मालिका रोज बघा, त्यातली एक प्रतिस्पर्धी वाहिनीची आणि एक तुम्हाला अजिबात न आवडणारी. दर गुरुवारी आकडे बाहेर आले की आधी स्वतःचा अंदाज लिहून ठेवलेला असू दे. मुलाखतीत तुम्हाला हमखास विचारतील की आमच्या अमुक मालिकेचं काय चुकतंय. तिथे ‘कथा संथ आहे’ म्हणू नका. कुठल्या आठवड्यात, कुठल्या पात्राचं, काय हुकलं ते सांगा. करारात कथेचे हक्क कुणाचे असतात तेवढं वाचून समजून घ्या. दोनच पानं असतात ती.

पुण्या-कोल्हापुरात राहून ही नोकरी होत नाही. ऑफिसं लोअर परळ, अंधेरी, मालाडला. सेट ठाणे, मीरा रोड, मढ, गोरेगावला. अधूनमधून सातारा-कोल्हापूरकडची मालिका वाट्याला येते, तेव्हा तुमची बोली कामाला येईल. साताऱ्याच्या पात्राच्या तोंडी कोल्हापूरची बोली घातलेली मुंबईच्या ईपीला कळत नाही आणि प्रेक्षकाला लगेच कळतं. ते मुलाखतीत सांगायला लाजू नका.

आणि सध्याच्या निर्मात्याला निदान महिनाभर आधी सांगून निघा, ट्रॅक मध्यावर सोडून नको. चॅनेलमध्ये गेल्यावर तुमच्या वाट्याला पहिली मालिका त्यांचीच येण्याची बरीच शक्यता आहे.